घाटी कोणाला म्हणावे?

हातखंब्याच्या तिठ्यावर तीन रस्ते एकत्र येतात. एक रत्नागिरीकडून, म्हणजे समुद्राकडून येतो. दुसरा उत्तरेकडून, मुंबईहून येतो. तिसरा पालीकडे जातो आणि पालीला त्यालाही दोन फाटे फुटतात. एक लांज्यावरून गोव्याची वाट धरतो. दुसरा नाणीज-साखरप्यावरून जाऊन आंबा घाट चढतो आणि कोल्हापूरला पोचतो. ज्याचे घर अशा तिठ्याशेजारी आहे त्याला प्रवास न करताही पुष्कळ प्रदेशांचे शब्द ऐकायला मिळतात. एस.टी. थांबते, ट्रक थांबतात, चहाच्या टपरीवर चार बोलींतली माणसे एकाच बाकावर बसतात आणि आपापल्या गावाहून आणलेले शब्द तेथे ठेवून पुढे जातात. अशा शब्दांपैकी एका शब्दाचा विचार मी बरीच वर्षे करीत आलो आहे. तो शब्द म्हणजे ‘घाटी’.

शब्द जेमतेम दोन अक्षरांचा. पण या साऱ्या रस्त्यांवर तो फिरतो आणि प्रत्येक रस्त्यावर निराळा अंगरखा घालतो. रत्नागिरीच्या बाजूला घाटी म्हणजे सह्याद्रीच्या वरचा माणूस. बोलायला रांगडा, खायला तिखट आणि आमच्या मते रीतभात जरा कमी असलेला. मुंबईच्या रस्त्याला लागला की त्याचा हमाल होतो, घरगडी होतो आणि शेवटी कोणीही अडाणी दिसणारा मराठी माणूस होतो. गोव्यात उतरला की त्याच्या नाकात अनुस्वार शिरतो. तेथे तो ‘घांटी’, म्हणजे डोंगरापलीकडून पोटासाठी आलेला उपरा. आणि कोल्हापूरच्या रस्त्याने आंबा घाट चढून वर गेला, तर गंमत अशी की शब्दच नाहीसा होतो. तेथे सगळेच घाटावरचे. म्हणून घाटी कोणीच नाही.

शब्द एक, रस्ता बदलला की अर्थ निराळा. मग त्यातला अपमान राहतो कोठे? शब्दात, बोलणाऱ्याच्या मनात, की ऐकणाऱ्याच्या कानात? दिवाळीच्या फराळाबरोबर हा प्रश्न थोडा झोंबेल. पण चिवड्यातही एखादी मिरची असतेच. तिच्यावाचून चिवडा गोडघाशांचा होतो.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. संस्कृतात ‘घट्ट’ असा शब्द आहे. नदीकाठी जेथून पाण्यात उतरता येते, नाव लागते, स्नान करता येते ती जागा म्हणजे घट्ट. काशीचे घाट ते हेच. संस्कृत कोशांत ‘घट्टजीवी’ असाही एक शब्द सापडतो. नदीच्या उतारावर पोट भरणारा, म्हणजे नावाडी. नदीचा उतार तसाच डोंगराचाही उतार. म्हणून जेथून डोंगर चढता-उतरता येतो त्या वाटेलाही घाट हे नाव पडले. म्हणजे घाट हा मुळात डोंगर नव्हेच. घाट ही वाट आहे. डोंगर अडवतो, घाट सोडतो.

हा भेद साहेबाच्या ध्यानात आला नाही. घाटांतून वर जाताना त्याने विचारले असेल की हे काय. कोणीतरी सांगितले ‘घाट’. आणि त्याने साऱ्या पर्वतरांगेलाच ते नाव देऊन टाकले. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश 1886 साली निघाला. त्यातही डोंगररांगेला घाट म्हणणे ही मूळ अर्थाला सोडून झालेली योजना असल्याची नोंद आहे. आज आपणही ‘पश्चिम घाट’ म्हणतो. सह्याद्रीला नाव मिळाले ते त्याच्या अंगावरच्या पायवाटांचे.

उत्तरेकडे हाच शब्द स्त्रीलिंगी होऊन दरीत उतरला. हिंदीत ‘घाटी’ म्हणजे खोरे. काश्मीरची घाटी म्हणजे काश्मीरचे खोरे. पण 1576 च्या लढाईने प्रसिद्ध झालेली हळदीघाटी ही खिंड. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची माणसे ‘घट्टद मेले’ म्हणजे घाटाच्या वर आणि ‘घट्टद केळगे’ म्हणजे घाटाच्या खाली अशी जगाची विभागणी करतात, अगदी आपल्यासारखी. आपल्या छत्रपती संभाजीनगरात तर सरकारी रुग्णालयालाच लोक ‘घाटी’ म्हणतात. त्या बाजूचा माणूस “आईला घाटीत नेली” असे सांगतो तेव्हा त्या शब्दात चिंता असते, आशा असते. तुच्छता नावाला नसते.

सर्वांत मौजेची गोष्ट फारसीची. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो ‘बालाघाट’ आणि घाटाच्या पायथ्याचा तो ‘पायीनघाट’. मोगलांच्या काळी वऱ्हाडाचे असे दोन भाग सांगत. मराठवाड्यात बालाघाटचे डोंगर आहेत, मध्य प्रदेशात बालाघाट नावाचा जिल्हा आहे. आता अर्थ लावून पाहिला तर बालाघाटचा रहिवासी म्हणजे शब्दशः घाटीच. परंतु ‘बालाघाट’ म्हटले की दफ्तर डोळ्यांपुढे येते, सनद येते. ‘घाटी’ म्हटले की डोक्यावरचा बोजा येतो. अर्थ तोच, एकाला दरबाराने हाक मारली, दुसऱ्याला बाजाराने. आपल्याकडच्या घाटपांडे या आडनावातही घाट आहेच. पण घाटपांड्यांना घाटाची लाज वाटल्याचे कोणी ऐकले नाही. त्यांच्या घाटाला लेखणीची जोड होती.

येथवर पाहिले तर शब्द निर्मळ आहे. म्हणूनच एक युक्तिवाद नेहमी कानावर येतो. “अहो, घाटी म्हणजे घाटावरचा! त्यात राग येण्यासारखे काय आहे? भूगोल आहे तो.” युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. तो खरा की खोटा हे ठरवायला मात्र शब्दकोश पुरत नाही. माणसांत जावे लागते.

आम्ही खालचे आणि ते वरचे यांचा संबंध फार जुना. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला तो मानतात. त्याच घाटात एक दगडी रांजण आहे आणि तो जकातीचा रांजण म्हणून दाखवला जातो. तेव्हापासून, आणि त्याही आधीपासून, घाटांनी माल वर-खाली केला आहे. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर गेली. वरून गूळ, मिरची, कांदा, डाळी खाली आल्या. आज बैलांच्या पाठीऐवजी टेंपो आले एवढाच फरक. कोकणातल्या घरात मोदकाचे सारण शिजते त्यात खोबरे आपले असते आणि गूळ बहुधा कोल्हापूरचा असतो. गणपतीला मोदक आवडतात ते त्यामुळे कमी आवडतात असे दिसत नाही.

असे असूनही पंक्तीत ‘घाटी’ हा शब्द वाढला जाई. माझ्या चुलतभावाची बायको कऱ्हाडकडची. लग्नानंतर पहिल्याच सणाला आमच्या आत्येने तिच्या हातचा भात जेवून चारचौघांत शेरा दिला, “घाटी असून भात बरा शिजवते हो!” आत्येच्या मनात खरोखरच कौतुक होते. त्या मुलीने ताटे उचलता उचलता सांगितले, “आत्याबाई, आमच्याकडं रोज भाकरी, भात सणासुदीला. म्हणून जपून शिजवायची सवय लागली.” आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. पण पंक्तीतल्या जुन्या माणसांना आपापला भात नीट दिसला. ‘असून’ या एका शब्दाने आत्येच्या कौतुकातले हाड बाहेर काढले होते. ‘घाटी’ हा नुसता भूगोल असता तर वाक्यात ‘असून’ लागले नसते. “रत्नागिरीची असून भात बरा शिजवते” असे कोणी म्हणत नाही. ज्या शब्दाला ‘असून’ लागते त्याच्या पोटात न्यायनिवाडा आधीच होऊन गेलेला असतो.

पुढे काय झाले तेही सांगण्याजोगे आहे. त्या मुलीला आत्ये काही वर्षांनी नावाने हाक मारू लागली; मग अर्ध्या नावाने; मग तिच्यावाचून आत्येचे पान हलेना. ‘घाटी’ हा शब्द तिच्या तोंडून कोणत्या दिवशी गेला ते कोणाच्या लक्षात आले नाही. तो टाकून दे असे तिला कोणी सांगितलेही नव्हते. नाव रोज तोंडात बसत गेले आणि त्या शब्दाला राहायला जागा उरली नाही.

आता मुंबईच्या रस्त्याला लागू. मुंबईने घाटी हा शब्द आमच्याकडून घेतला की घाटावरून आलेल्यांकडे पाहून स्वतःच केला हे बाजूला ठेवू. तिने त्याचा उपयोग मात्र फार केला. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना 1830 साली बोर घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि 1863 साली त्याच घाटातून आगगाडी वर गेली. तो लोहमार्ग बांधताना एका वेळी चाळीस हजारांवर माणसे खपत होती. सुरुंग, दरडी आणि पटकी यांनी त्यांतली किती गेली त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. तो घाट ज्यांनी फोडला ते, आणि त्याच घाटातून पुढे मुंबईत पोट भरायला उतरले ते, दोघेही घाटीच. गोदीत घाटी, मंडईत घाटी, गिरणीत घाटी. मुंबईच्या गुजरातीत तर ‘घाटी’ या शब्दाचा अर्थच घरगडी असा झाला. एका मुलखाचे नाव एका नोकरीचे नाव झाले.

आणि येथे आम्हां कोकणवासीयांची खरी फजिती झाली. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाच्या गिरणीची स्थापना केली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरणगाव उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शिरगणत्या पाहिल्या तर बाहेरून मुंबईत आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा क्रमांक पहिला. तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता, तो वेगळा झाला 1981 साली. हा माणूस बोटीने जायचा. त्याने कोणताही घाट चढला नव्हता की उतरला नव्हता. तो उतरला तो भाऊच्या धक्क्यावर. परंतु मुंबईने त्यालाही सरसकट घाटीच म्हटले. घरकामाला राहिला तर ‘रामा’ म्हटले आणि कानातल्या बाळीवरून ‘बाल्या’ म्हटले. घाटावरच्यांना नाक मुरडणारा कोकणी माणूस मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवताच स्वतः घाटी झाला. अर्थाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर धक्का हाही घाटच, नाव लागण्याची जागा; पण त्याला घाटी म्हणणारे काही संस्कृत कोश उघडून बसले नव्हते.

तरुणपणी मुंबईतल्या एका पेढीवर मी दोन वर्षे कारकुनी केली. तेथले वरिष्ठ आम्हां मराठी कारकुनांना आणि शिपायांना मिळून ‘ये घाटी लोग’ म्हणत. आमच्यातला एकजण देवरुखकडचा होता. त्याला ते फार लागे. एक दिवस त्याने धीर करून खुलासा केला, “साब, हम घाटी नहीं, हम कोंकण के हैं.” वरिष्ठांनी कागदावरून मानही वर न उचलता सांगितले, “एक ही बात है.” आमचा शिपाई साताऱ्याचा. दुपारचा चहा ठेवता ठेवता तो हळूच त्याला म्हणाला, “भाऊसाहेब, तुमचा अर्ज नामंजूर झाला म्हणायचा.”

त्या शिपायाच्या एका वाक्यात या शब्दाचा सारा इतिहास आहे. शिवीपासून सुटण्याची पहिली धडपड नेहमी हीच असते: “तो मी नव्हे, पलीकडचा.” कोकणातला घाटावरच्याकडे बोट दाखवतो. घाटावरचा शहरी माणूस खेड्यातल्याकडे दाखवतो. गोव्याचा माणूस डोंगरापलीकडे दाखवतो. बोट पुढे पुढे सरकत जाते, शिवी मात्र जागची हलत नाही. आपण तिच्यातून निसटलो असे वाटते तेव्हा आपण तिच्या खरेपणावर सहीच करीत असतो. ‘मी घाटी नाही’ याचा अर्थ एवढाच होतो की घाटी नावाची हलकी जात जगात आहे आणि मी तिच्यातला नाही.

हा काही एकट्या मराठीचा दोष नाही. इंग्रजी नाटक-सिनेमातून आलेला ‘व्हिलन’ आपल्याला परिचयाचा आहे. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतावरचे घर. तेथे राबणारा तो व्हिलन. शेतमजुराचा खलनायक कसा झाला? शब्द वापरणारे शेताच्या मालकांच्या बाजूचे होते म्हणून झाला. आपल्या काव्यशास्त्रानेही ‘ग्राम्य’ हा दोष ठरवला. हिंदीने गावावरून ‘गँवार’ केला. ‘स्लेव्ह’, म्हणजे गुलाम, हा इंग्रजी शब्द स्लाव लोकांच्या नावावरून आला. कारण मध्ययुगात त्या लोकांना पकडून विकत असत. ‘कुली’ हा शब्द कोणी तमिळमधल्या मजुरी या अर्थाच्या ‘कूली’वरून लावतात, कोणी गुजरातेतल्या कोळ्यांवरून. दोन्हींत लाज वाटावी असे काही नाही. पण 1893 साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा तेथे प्रत्येक हिंदी माणूस कुली होता आणि ते स्वतः ‘कुली बॅरिस्टर’ होते. कोणी गोरा माणूस गांधीजींना म्हणाला असता की कुली म्हणजे केवळ मजुरी, त्यात रागावण्यासारखे काय आहे, तर ते उत्तर आपल्याला पटले असते काय?

याहून बोलके उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. आज आपण ज्या देशाची चित्रे कॅलेंडरावर लावतो तो देश एके काळी गरीब होता. तेथली डोंगराळ माणसे आपले घाट उतरून परक्या राजांच्या पदरी भाडोत्री शिपाई म्हणून जात, मोठ्यांच्या दारावर पहारा करीत. ती इतकी की फ्रेंच भाषेत ‘स्विस’ हा शब्द दारवान या अर्थाने रूढ झाला आणि रशियन भाषेत आजही हॉटेलच्या दारावरच्या माणसाला ‘श्वेइत्सार’, म्हणजे स्विसच म्हणतात. ते युरोपातले घाटीच म्हणायचे! परंतु आज कोणा स्विस माणसाला या शब्दाचा राग येत असेल असे मला वाटत नाही. तो हसून सोडून देईल. का? शब्दाचे मूळ बदलले नाही, अर्थही बदलला नाही. बदलली ती त्या माणसाची जगातली जागा. आता त्याला कोणाच्या दारावर उभे राहावे लागत नाही.

यावरून मला असे वाटते की शब्दाचा डंख त्याच्या मुळात नसतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधल्या उंचीच्या फरकात असतो. दगड तोच, समोरासमोर उभे राहून हातात दिला तर त्याने काही होत नाही, माडीवरून टाकला तर डोके फुटते. तेव्हा ‘हा तर नदीतला गोटा आहे, पाहा किती गुळगुळीत आहे’ असे सांगण्यात अर्थ नसतो. शब्दाची व्युत्पत्ती सांगून स्वतःचा बचाव करणारा माणूस नेमके हेच करतो. व्युत्पत्ती ही शब्दाची जन्मपत्रिका आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे.

येथे कोणी विचारील की मग घाटावरचे लोक स्वतःच हा शब्द मिरवतात त्याचे काय? मुंबईत वडापावावर लसणीची लाल चटणी भुरभुरतात आणि तिला ‘घाटी मसाला’ म्हणून पुडीत घालून विकतात. मित्र मित्राला प्रेमाने ‘ए घाट्या’ म्हणतो. हे खरे आहे आणि त्यात गैर काहीच नाही. इंग्लंडातल्या दोन जुन्या राजकीय पक्षांची टोरी आणि व्हिग ही नावे मुळात शिव्याच होत्या. टोरी म्हणजे आयर्लंडातला लुटारू. व्हिग हे नाव स्कॉटलंडातल्या गुरे हाकणाऱ्यांच्या नावाचे तुकडे करून आले. त्यांनी त्या शिव्या उचलून निशाणावर लावल्या. परंतु हा हक्क ज्याला शिवी लागली त्याचा आहे. ज्याच्या पायाला काटा टोचला तो त्याच काट्याने काटा काढू शकतो; काटा टाकणाऱ्याने ‘आता दुखत नाही ना?’ म्हणून पुन्हा टोचून पाहू नये.

एवढे लिहून मी थांबलो असतो तर हा निबंध आपल्या सर्वांना सोयीचा झाला असता. मुंबईने आपल्याला घाटी म्हटले, आपण दुखावलो, मुंबईचे चुकले. पण दुसऱ्याने टाकलेला दगड मोजणे सोपे असते. आपल्या माडीवरून आज काय पडते आहे?

रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत अलीकडे बरीच वर्षे राखणीला नेपाळची माणसे येतात. पावसाळा सरला की येतात, आंबा उतरला की जातात. काही बारमाही राहतात. हिमालयाचे घाट उतरून आलेली ही माणसे. आपण त्यांना ‘गुरखा’ म्हणतो. गोरखा हे नेपाळातल्या एका डोंगरी गावाचे नाव. आपल्या भाषेत त्याचा अर्थ झाला रखवालदार. गुजरातीने आपल्याला जे केले तेच आपण मराठीत त्यांना केले. एका मुलखाची नोकरी करून टाकली. याहून प्रचारात असलेला दुसरा शब्द ‘बहादूर’. बहादूर म्हणजे शूर, पराक्रमी. बादशहांनी सरदारांना दिलेला किताब. शब्दार्थ पाहिला तर याहून मोठा मान कोणता? पण बागेच्या गडग्याशी उभे राहून “ए बहादूर!” अशी हाक येते तेव्हा तीत पराक्रमाची आठवण किती असते ते मारणाऱ्याला ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. उत्तरेत ‘भैया’ म्हणजे थोरला भाऊ. आपण त्याचे काय केले ते सांगायला नको. मूळ अर्थाने शब्द शुद्ध होत असता तर ‘बहादूर’ आणि ‘भैया’ यांच्याइतके शुद्ध शब्द सापडले नसते.

काही काळापूर्वी आमच्या बाजूच्या एका शाळेत मी ग्रंथालयाच्या कामासाठी बसलो होतो. एक बागायतदार आपल्या बागेतल्या राखणदाराला आणि त्याच्या मुलाला घेऊन आले. मुलाला शाळेत घालायचे होते. राखणदार त्यांच्याकडे सहा मोसम होता, आणि मुलाला शाळेत घालावे ही कल्पनाही बागायतदारांचीच. म्हणजे माणूस वाईट नव्हता, उलट भला होता. बाईंनी वडिलांचे नाव विचारले. बागायतदार म्हणाले, “बहादूर लिहा, बाई. सगळे तेच म्हणतात.” बाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, “काका, हे नाव पोराच्या दाखल्यावर जन्मभर राहणार. सगळे काय म्हणतात ते दाखल्यावर लिहायला जागा नाही.” मग राखणदाराकडे वळून म्हणाल्या, “दादा, तुमचं नाव सांगा.” त्याने नाव सांगितले. तीन शब्दांचे नाव, स्पष्ट उच्चारलेले, आडनावासकट. बागायतदारांनी ते सहा वर्षांत प्रथमच ऐकले. ते नाव मी येथे लिहीत नाही; ते शाळेच्या वहीत जेथे असायला हवे तेथे आहे.

त्या दिवसापासून ‘घाटी’ या शब्दाविषयी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. असे शब्द आपण द्वेषाने वापरतो असे नव्हे. आत्येला सूनबाईचा द्वेष नव्हता. बागायतदारांना राखणदाराचा नव्हता. असे शब्द आपण सोयीसाठी वापरतो. ‘रामा’, ‘घाटी’, ‘बहादूर’, ‘भैया’ हे शब्द आपले काही श्रम वाचवतात. समोरच्याचे नाव काय, गाव कोणते, घरी कोण, तो भात रोज खातो की सणाला, हे विचारण्याचे श्रम. शिवीचे खरे पाप तिच्या अर्थात मला आता दिसत नाही. तिने वाचवलेल्या या श्रमांत दिसते. माणूस ओळखण्याऐवजी त्याचा रस्ता ओळखून आपण काम भागवतो.

म्हणून शब्दावर बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. बंदी घातलेला शब्द मागच्या दाराने दुसरे नाव घेऊन आत येतो. ‘घाटी’ हा शब्द कोशात खुशाल राहू द्यावा, त्याच्या साऱ्या अर्थांसह राहू द्यावा: नदीचा घाट, डोंगराची वाट, काश्मीरचे खोरे, संभाजीनगरचे रुग्णालय, बोर घाटातले मजूर आणि मुंबईचा घरगडी. पुढच्या पिढ्यांना त्यावरून कळेल की कोण कोणाकडे कोठून पाहत होते. फक्त माणसाला हाक मारायची वेळ आली की कोश बाजूला ठेवावा. एक साधी कसोटी मी स्वतःसाठी ठरवली आहे. तोंडात असा शब्द आला की मनाशी विचारायचे: या माणसाचे नाव मला ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर शब्दाची गरज नाही. ठाऊक नसेल तर शब्दाचा हक्क नाही.

दिवाळीत आपल्या दारांशी पुष्कळ माणसे येतात. दूधवाला येतो, पोस्टमन येतो, सफाई करणारी बाई येते, पोस्त मागायला पहारेकरी येतो. आपण त्यांच्या हातावर फराळाची पुडी आणि दहा-वीस रुपये ठेवतो, ते ठेवावेतच. पण पुडी देताना एकदा नाव विचारावे आणि ते नीट ऐकून घ्यावे. मुलांनाही सांगावे, की पुढच्या वर्षी या नावाने हाक मारायची आहे. सह्याद्रीसारख्या पर्वतालाही आपल्या पूर्वजांनी पायांनी वाटा पाडल्या आणि खालचे मीठ वर नेले, वरचा गूळ खाली आणला. माणसामाणसांतला डोंगर त्याहून उंच असेल असे मला वाटत नाही; आणि त्याचा पहिला घाट नावापासून सुरू होतो.